भूजल संशोधकांना खुलं पत्र: आमचा डेटा नेता, परत काय देता?

नमस्कार,

हे पत्र भूजलावर संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांना, पीएचडी करणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या प्रोजेक्टना पैसे मंजूर करणाऱ्या कमिट्यांना आहे. मी पलीकडच्या बाजूचा माणूस, म्हणजे निरीक्षण विहिरीत टेप सोडणारा, लॉगर (पातळी आपोआप नोंदवणारं यंत्र) डाउनलोड करणारा, सॅम्पलच्या बाटल्या भरून लॅबला पाठवणारा. तुमच्या पेपरात "डेटा संबंधित विभागाकडून प्राप्त" असं एक वाक्य असतं ना, तेवढीच आमची ओळख. त्याबद्दल तक्रार नाही, नाव छापून यावं म्हणून कोणी केसिंगचं, म्हणजे विहिरीच्या नळीचं, गंजलेलं कुलूप उघडत बसत नाही. तक्रार दुसरीच आहे.

तुम्ही येता, पंचवीस-तीस वर्षांच्या पाणीपातळीचा डेटा मागता, आम्ही देतो. मग तुमचा विद्यार्थी सहा-आठ महिने तो डेटा साफ करत बसतो. कुठे मीटरच्या जागी फूट पडलेत, कुठे दोन विहिरींची नावं अदलाबदल झालीत, कुठे समुद्रसपाटीपासूनची उंची चुकलीय, सगळं शोधून काढतो, आणि खरं सांगतो, हे काम तो आमच्यापेक्षा चांगलं करतो कारण त्याच्याकडे वेळ असतो आणि कोड लिहिता येतो. पुढे थीसिस होतो, पेपर येतो, मुलगा नोकरीला लागतो आणि साफ केलेला डेटा त्याच्या लॅपटॉपमध्ये राहतो. आमच्याकडे तोच जुना घाण डेटा. दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या विद्यापीठातून दुसरा विद्यार्थी येतो, तीच फाईल नेतो, त्याच चुका पुन्हा शोधतो. एकाच विहिरीची एकच चूक किती जणांनी दुरुस्त केली असेल कोण जाणे, आणि ती आमच्या रजिस्टरमध्ये अजून तशीच आहे!

"संशोधन आणि प्रत्यक्ष काम यांच्यातली दरी" या विषयावर परिषदा होतात, मीही एक-दोन ऐकल्यात, तिथे सगळे धोरण, क्षमता बांधणी वगैरे बोलतात. मला वाटतं सुरुवात याच्यापेक्षा फार साध्या जागी आहे. दुरुस्त केलेली फाईल परत पाठवा. सोबत एक कागद की अमुक विहिरीचं अमुक तारखेचं रीडिंग आम्ही का काढून टाकलं. बस. एवढं जरी झालं तरी पुढच्या माणसाचे सहा महिने वाचतात.

आणि साफ करताना शेऱ्याचा कॉलम मागा. कोणीच मागत नाही! तारीख, विहिरीचा नंबर, पातळी, एवढं घेतात आणि जातात. एक उदाहरण देतो म्हणजे कळेल. लॉगर केबलला टांगलेला असतो, तीन महिन्यांनी वर काढायचा, डेटा घ्यायचा, परत खाली सोडायचा. आता केबलचा हुक आधीच्या जागेवर बसला नाही, किंवा केबलला पीळ पडला, की लॉगर पंधरा सेंटीमीटर वर-खाली टांगला जातो आणि त्या क्षणापासून सगळी सिरीज तेवढी सरकते. ग्राफवर सरळ उभी पायरी दिसते. ही पायरी पुनर्भरणाची घटना म्हणून वाचलेली मी पाहिलीय, त्यावर खडकातल्या भेगांमधून पाणी झपाट्याने कसं उतरतं याचा अख्खा परिच्छेद होता. पाणी झपाट्याने उतरतं हे खरंच, पण दोन लागोपाठच्या तासांच्या मध्ये, बरोबर डाउनलोडच्या वेळी, पाऊस नसताना उतरत नाही. शेऱ्यात लिहिलेलं होतं, केबल बदलली. आणि त्याच भेटीत टेपने हाताने घेतलेलं रीडिंगही होतं, ते लॉगरच्या आकड्याशेजारी ठेवलं असतं तरी फरक लगेच दिसला असता.

तसंच मोजण्याच्या बिंदूचं. आम्ही केसिंगच्या काठावरून मोजतो, जमिनीपासून नाही. कुणीतरी केसिंग कापून नवं झाकण बसवलं की काठ खाली येतो, पाणी आहे तिथेच असतं आणि आकडा मात्र बदलतो. शेरा वाचला नाही तर कागदावर भूजल पातळी एका दिवसात वाढली. आणि निरीक्षण विहिरीजवळ पंप चालू असेल किंवा नुकताच बंद झाला असेल तर पातळी अजून सावरलेली नसते, तो आकडा उपशामुळे तात्पुरत्या खाली गेलेल्या पातळीचा असतो, अ‍ॅक्विफरचा (जमिनीखालच्या पाणी धरणाऱ्या थराचा) नाही. हेही शेऱ्यातच असतं, "शेजारी पंप चालू". तुमच्या स्प्रेडशीटमध्ये या तीन शब्दांना जागाच नसते.

बरं, फक्त आमचंच रडगाणं नको. तुमच्याकडे आमच्या उपयोगाचं खूप आहे आणि ते आमच्यापर्यंत येत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. हवेच्या दाबाचंच घ्या. सीलबंद लॉगर पाण्याचा आणि हवेचा दाब एकत्र मोजतो, म्हणून हवेचा दाब वेगळा मोजून वजा करावा लागतो, १ हेक्टोपास्कल म्हणजे साधारण १ सेंटीमीटर पाणी. कमी दाबाचा पट्टा गेला आणि दाब वीसेक हेक्टोपास्कल उतरला तर वीस सेंटीमीटरचा घोळ, म्हणजे काही विहिरींमध्ये महिनाभराच्या बदलाएवढा. इथपर्यंत आम्हाला येतं. पण वजाबाकी करूनही बंदिस्त अ‍ॅक्विफरच्या (ज्याच्या वर पाणी न झिरपू देणारा थर असतो त्याच्या) विहिरीत पातळी हलतच राहते, दाब वाढला की उतरते, कमी झाला की चढते, कारण हवेचा भार विहिरीतल्या पाण्यावर पूर्ण पडतो आणि खाली अ‍ॅक्विफरमध्ये तो भार खडक आणि पाणी वाटून घेतात. आम्ही याला वर्षानुवर्षं "नॉइज" म्हणत आलो आणि सरासरी काढून पुसत आलो. जेकब या भूजलशास्त्रज्ञाने १९४० मध्येच याचं गणित मांडलं होतं. या हलण्यातून अ‍ॅक्विफर किती बंदिस्त आहे याचा अंदाज येतो, साठवणक्षमतेकडेही जाता येतं, चंद्र-सूर्याच्या ओढीने होणारे बारीक चढउतारही तसेच वापरता येतात, आणि हे सगळं पंपिंग टेस्ट (विहीर मुद्दाम उपसून पातळी कशी उतरते ते पाहणं) न करता, जो तासातासाचा डेटा आमच्या कपाटात पडलाय त्याच्यातून. पंपिंग टेस्टला माणसं लागतात, पंप लागतो, उपसलेलं पाणी सोडायला जागा लागते, म्हणून बहुतेक निरीक्षण विहिरींवर ती कधी होतच नाही. मग हे तंत्र आम्हाला कोणी का शिकवलं नाही? पेपर आहेत, भरपूर आहेत. पण एकाही पेपरात असं लिहिलेलं दिसत नाही की बाबा तुझ्याकडे इतक्या महिन्यांचा तासाचा डेटा आहे ना, तर ही एक फाईल चालव, हा आकडा आला तर असं समज आणि तसा आला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस.

असं लिहिता येतं. लिहिलेलं आहे. सॅम्पलिंगमध्ये पूर्वी सरसकट नियम होता, विहिरीतल्या पाण्याच्या तिप्पट पाणी उपसा आणि मग बाटली भरा. जोरात उपसलं की तळाचा गाळ ढवळून निघतो, त्या कणांना चिकटलेले धातू सॅम्पलमध्ये येतात आणि रिपोर्टमध्ये नसलेलं प्रदूषण दिसतं. संशोधकांनी हे तपासलं आणि पुल्स आणि बार्सेलोना या दोघांनी १९९६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेसाठी एक छोटंसं मार्गदर्शक लिहिलं. त्यात काय होतं, तर मिनिटाला साधारण ०.१ ते ०.५ लिटर इतकं हळू उपसा, पातळी शक्यतो १० सेंटीमीटरपेक्षा जास्त खाली जाऊ देऊ नका, आणि लागोपाठ तीन रीडिंगमध्ये पीएच ०.१ च्या आत, विद्युतवाहकता ३ टक्क्यांच्या आत, विरघळलेला ऑक्सिजन आणि गढूळपणा १० टक्क्यांच्या आत स्थिर झाला की बाटली भरा. फिल्डवरच्या माणसाला कधी थांबायचं ते आकड्यात सांगितलं. म्हणून ते जगभर पसरलं. त्याच्यातही त्रुटी आहेत, कमी पाझराच्या खडकात हे नीट जमत नाही, पण निदान भांडायला तरी एक ठोस आकडा समोर आहे.

याच्या उलट बाजू म्हणजे आर्सेनिकची बाटली. खोल, ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात लोह विरघळलेलं असतं. पाणी वर आलं, हवा लागली, की काही तासांत बाटलीच्या तळाला नारिंगी साका बसतो. तो लोहाचा, आणि आर्सेनिक त्या साक्याला चिकटून खाली बसतं. बाटलीत जागेवरच आम्ल टाकून पीएच २ च्या खाली आणलं नसेल तर लॅबमध्ये वरचं स्वच्छ पाणी तपासलं जातं आणि रिपोर्ट येतो मर्यादेच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे थोडंसं आर्सेनिक साक्यात राहिलं तरी निकाल इकडचा तिकडे होतो. हे रसायनशास्त्र पक्कं माहीत आहे, पाठ्यपुस्तकात आहे, तरी बिनआम्लाच्या बाटल्या लॅबच्या शेल्फवर आजही दिसतात. कारण आम्लाच्या कुप्या फिल्डवर पोचत नाहीत, गाडीत आम्ल न्यायची परवानगी नसते, आणि बाटली भरणाऱ्याला ते का टाकायचं हे सांगितलेलंच नसतं. आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं की नाही, यावर तुमच्यात दोन मतं. विरघळलेलं किती हे हवं असेल तर गाळा, पण लोक तर गाळून पीत नाहीत! हा वाद तुम्ही जर्नलमध्ये घाला, जरूर घाला, पण बाटलीवर काय लेबल लावायचं ते आम्हाला सांगून घाला. गाळलेलं आणि न गाळलेलं एकाच कॉलममध्ये भरलेलं आहे अशा फाइली आहेत, आणि त्यांच्यावर ट्रेंड काढलेले आहेत.

आता मॉडेलवाल्यांशी दोन शब्द. मशीन लर्निंगने भूजल पातळीचा अंदाज, अचूकता ०.९५, असे पेपर हल्ली पावसाळी छत्र्यांसारखे उगवतायत. माझी एकच विनंती, त्या टेबलात एक ओळ जास्त टाका: "मागच्या महिन्याची पातळी तशीच पुढे नेली तर किती अचूकता?" भूजल संथ असतं, मागच्या महिन्याचं रीडिंग हाच बऱ्याच ठिकाणी चांगला अंदाज असतो, आणि एवढं मोठं मॉडेल त्या एका ओळीपेक्षा किती पुढे गेलं हे कळल्याशिवाय मी साहेबांना काय सांगू? ट्रेंडचंही तसंच, मान-केंडल ही ट्रेंड तपासायची चाचणी चालवली आणि "लक्षणीय घट" लिहिलं, पण पातळीची प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीला बांधलेली असते, ते लक्षात न घेता चालवली तर नसलेली घटही लक्षणीय दिसते. हे तुम्हाला माहितीय. रिपोर्टमध्ये मात्र विसरता.

ग्रेस उपग्रहांचंही सांगतो. २००२ ते २०१७ पहिली जोडी, मग २०१८ पासून पुढची, पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातल्या बदलावरून पाण्याचा साठा किती कमी-जास्त झाला ते कळतं, जबरदस्त काम आहे, यात वादच नाही. पण त्याची नजर काहीशे किलोमीटरची. त्यावरून एखाद्या पाणलोटाचा निष्कर्ष काढून तो आमच्यासमोर ठेवला की आम्ही फक्त मान डोलावतो. शिवाय तिथून येतं ते पाण्याचं वजन, आम्ही मोजतो ती पातळी, आणि दोघांच्या मध्ये खडक किती पाणी सोडतो तो आकडा लागतो. चांगल्या वाळूत तो २० टक्क्यांच्या आसपास, कठीण खडकात एक-दोन टक्के. म्हणजे तोच एक मीटर उतार, वाळूत २० सेंटीमीटर पाणी आणि खडकात जेमतेम एक-दोन. हा आकडा कुठून घेतला ते पेपरात शोधायला गेलं की दुसऱ्या पेपरचा संदर्भ मिळतो आणि त्यात तिसऱ्याचा. त्यापेक्षा त्या पैशात दहा विहिरींवर तो मोजून दिला असता तर आम्ही तुमचे जन्माचे ऋणी झालो असतो.

कॅनडात ओंटारिओमधल्या बॉर्डनला १९८२ मध्ये झालेला प्रयोग मला फार आवडतो. वाळूच्या अ‍ॅक्विफरमध्ये ट्रेसर (पाण्याबरोबर वाहणारा, माग काढता येईल असा पदार्थ) सोडला आणि हजारो बिंदूंवरून सॅम्पल घेऊन त्याचा ढग कसा सरकतो ते पाहिलं. त्यातून कळलं की प्रदूषणाचा ढग वर-खाली फारसा पसरत नाही, पातळ पट्ट्यासारखा जातो. झालं की मग. माझ्याकडे त्या जागी एक विहीर, तिच्या नळीला पाणी आत यायला सहा मीटरची जाळी. सहा मीटरचं पाणी एकत्र मिसळून बाटलीत येतं, पट्टा अर्ध्या मीटरचा असेल तर आकडा किती पातळ होईल? नायट्रेट मर्यादेच्या निम्मं आलं तर निश्चिंत राहू की घाबरू? हजार बिंदूंचं विज्ञान एका विहिरीवाल्याला कसं वापरता येईल, हा पेपर कोण लिहिणार? मला माहितीय तो "नवीन" नसतो, म्हणून परीक्षक परत पाठवतात.

आणि वेळेचं गणित जुळतच नाही आपलं. इंग्लंडमध्ये चिलग्रोव्ह हाऊस नावाची विहीर आहे, तिची पातळी १८३६ पासून मोजली जातेय. म्हणजे डार्सीने पाणी वाळूतून कसं वाहतं याचा आपला नियम १८५६ मध्ये छापला त्याच्या वीस वर्षं आधीपासून. ज्यांनी सुरुवात केली त्यांना या रीडिंगचा उपयोग काय होणार हे कुठे माहीत होतं, तरी पिढ्यान् पिढ्या कोणी ना कोणी मोजत राहिलं, आणि आज दुष्काळ किती मोठा हे ठरवायला ती सिरीज उपयोगी पडते. पीएचडी तीन-चार वर्षांची, प्रोजेक्ट तीन वर्षांचा. तुम्ही बसवलेले भारी सेन्सर प्रोजेक्ट संपला की बंद पडतात, बॅटरी बदलायला पैसे नाहीत, टेलिमेट्रीचं सिम बंद, आणि केसिंगमध्ये तुमची केबल अडकलेली म्हणून आमची टेपही जात नाही. कृपया जाताना काढून न्या! किंवा राहू द्या, पण मग ते कोण सांभाळणार हे आधी लिहून द्या.

नेटवर्क छोटं करायचा सल्लाही असाच. क्रिगिंग (मोजलेल्या जागांवरून न मोजलेल्या जागेचा अंदाज काढायचं गणित) करून सांगता या चार विहिरी जास्तीच्या आहेत, बंद करा, शेजारच्या विहिरींवरून अंदाज येतो. गणित बरोबर असेलही. पण त्यातली एक चाळीस वर्षं सलग मोजलेली असते, ती बंद केली तर परत चाळीस वर्षं लागतील. बरेचदा मात्र सल्ला उलटाच असतो, शेवटच्या परिच्छेदात, "अधिक निरीक्षणाची गरज आहे". हो, आहे, पण कुठे, कोणत्या खोलीवर, किती दिवसांनी, आणि त्यासाठी सध्याचं कोणतं निरीक्षण थांबवलं तर चालेल? माणसं तेवढीच, गाडी एकच. जिथे मोजमाप थांबवायचं तिथे थांबवा असं लिहायला धाडस लागतं, आणि ते तुमच्या सहीने आलं तर आम्हाला वर सांगता येतं.

निर्णयाचा आकडा द्या, हे मी परत परत म्हणतोय त्याचं कारण सांगतो. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये शाश्वत भूजल व्यवस्थापनाचा कायदा केला, त्यात स्थानिक संस्थांना ठरावीक निरीक्षण विहिरींसाठी किमान मर्यादा लिहून द्याव्या लागतात, म्हणजे पातळी याच्या खाली गेली तर ते मान्य नाही. या आकड्यांवर प्रचंड वाद झाले, काही आराखडे अपुरे म्हणून परत गेले, किती उथळ विहिरी कोरड्या पडतील हे नीट पाहिलंच नाही म्हणून. पण वादाला विषय मिळाला. आमच्यासारख्यांच्या रिपोर्टमध्ये "पातळीत घट दिसून येते" असं असतं, वर्षानुवर्षं दिसून येते, कोणी काही करत नाही, कारण कुठल्या आकड्याला काय करायचं हे ठरलेलंच नाही. ते ठरवायला खडक, उपसा, उथळ विहिरींची खोली, नदीला मिळणारं पाणी, किनाऱ्यावर खारं पाणी आत यायचा धोका, सगळं एकत्र पाहावं लागतं. समुद्राजवळ गोड्या पाण्याची पातळी एक मीटर खाली आली तर गोड्या-खाऱ्या पाण्याची सीमा ढोबळमानाने चाळीस मीटर वर येऊ शकते, हे मला पुस्तकातून माहितीय, पण माझ्या विहिरीसाठी धोक्याचा आकडा कोणता हे मी एकटा ठरवू शकत नाही. ते तुमचं काम आहे, आणि खरंतर दोघांनी एका टेबलावर बसून करायचं काम आहे.

आता आमच्या बाजूबद्दलही बोलतो, नाहीतर म्हणाल सगळं खापर आमच्यावर. डेटा मागितला की आमची ऑफिसं पीडीएफ देतात, तीही स्कॅन केलेली, वाकडी. ईमेलला उत्तर नाही. विहिरीची बांधकामाची नोंद, जाळी किती खोलीवर, कोणता खडक लागला, हे हरवलेलं असतं आणि हरवलंय असंही कोणी सांगत नाही. कुणी चूक दाखवली की आधी तिला "गोपनीय" करायचं ही एक रीतच आहे. विद्यार्थ्याने दुरुस्त फाईल पाठवली तरी ती मूळ नोंदीत चढवायचा अधिकार कोणाला, याचं उत्तर बऱ्याच ठिकाणी नाही. मूळ आकडा पुसायचा नाही, शेजारी दुरुस्त आकडा, कारण आणि तारीख, असे तीन कॉलम वाढवले की झालं, पण तेवढं करायलाही फाईल फिरावी लागते.

म्हणून कमिट्यांना थेट सांगतो, तुमच्या हातात आहे. प्रोजेक्ट मंजूर करताना एक अट टाका की साफ केलेला डेटा कारणांसकट ज्याच्याकडून घेतला त्याला परत गेल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही, आणि ज्या ऑफिसने दिला त्याने तो नोंदवला अशी पोच लागेल. त्या कामासाठी दोन महिन्यांचा पगारही बजेटमध्ये धरा, फुकटात कोणी करणार नाही. आणि गाइडना एक सांगणं, विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी मोजणीच्या एका पूर्ण फेरीला आमच्याबरोबर पाठवा, नुसता फोटो काढायला नको, टेप त्याच्या हातात देऊन. पत्र आधी ऑफिसला टाका, फेरीच्या तारखा पंधरा दिवस आधी ठरतात, गाडीत एक जागा रिकामी असते. बूट आणि टोपी त्याने आणावी, बाकी सगळं आमच्याकडे आहे.

आपला,
पाणीपातळी मोजणारा एक कर्मचारी